हिशेब आम्हांलाही येत होता

फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना १९९०च्या सुमारास मला एक जाडजूड, पाठ निखळलेली इंग्रजी कादंबरी मिळाली. रॉबर्ट ट्रेसेलची ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलान्थ्रॉपिस्ट्स’. म्हणजे फाटक्या विजारीतले दानशूर. हे दानशूर कोण, तर घरं रंगवणारे कामगार. आपले कष्ट आणि आपलं आयुष्य मालकाला दान करून टाकणारे. नावातच टोमणा आहे. त्या टोमण्यानं पुढं मला चांगलंच गोत्यात आणलं.

ट्रेसेल हे टोपणनाव. माणसाचं खरं नाव रॉबर्ट नूनन. जन्म डब्लिनचा, धंदा रंगाऱ्याचा, वस्ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जला. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवायच्या आणि रात्री लिहायचं, असं करत त्यानं दीड हजाराहून जास्त पानं हातानं लिहून काढली. प्रकाशकांनी ती परत पाठवली. १९११ साली, वयाच्या चाळिशीत, तो लिव्हरपूलच्या इस्पितळात क्षयानं गेला आणि गोरगरिबांच्या सामायिक खड्ड्यात पुरला गेला. मुलीनं, कॅथलीननं, हस्तलिखित जपलं म्हणून १९१४ साली पुस्तक निघालं. तेही कापून छाटून. सबंध पुस्तक वाचकांपुढं यायला १९५५ साल उजाडावं लागलं.

आम्ही गिरणगावातली हौशी नाटकवाली पोरं. कामगारांच्या एका नाट्यस्पर्धेसाठी या कादंबरीवरून एकांकिका करायचं मी मनावर घेतलं. पाव खाणारे रंगारी मुंबईत हवे तेवढे आहेत, मग अडचण कसली? अडचण अशी की कादंबरीत कथानक म्हणावं असं फारसं नाहीच. एका बंगल्याची डागडुजी चालते, काम मिळतं, काम जातं, पुन्हा मिळतं. मुकादम चोरपावलांनी येऊन कोण हात थांबवतोय ते पाहतो. ओवेन नावाचा एक शहाणा, आजारी रंगारी जेवणाच्या सुट्टीत सोबत्यांना त्यांच्या गरिबीचं कारण समजावत राहतो. ते त्याची थट्टा करतात.

मी काय केलं, ओवेनची भाषणं उचलली. आयते संवाद मिळाले ना! बाकीचं वर्णन, म्हणजे घासणं, लांबी भरणं, हात मारणं, सगळं गाळलं. तिसऱ्या तालमीला आमच्या चाळीतले एक रंगारी येऊन बसले होते. शेवटी विडी विझवत म्हणाले, “यात रंगारी आहेत, पण रंगकाम कुठाय? हे तर सगळे सभेला आल्यासारखे उभे आहेत.”

माणूस अगदी बरोबर बोलला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही लाकडी चौकटीवर प्लायवुड ठोकून एक भिंत उभी केली आणि पोरांच्या हाती पॉलिश पेपर दिला. त्या खर्र खर्र आवाजानं माझं निम्मं काम केलं. मुकादम आला की आवाज वाढायचा, वळला की मंदावायचा. ‘शोषण’ हा शब्द मग संहितेत ठेवायची गरज उरली नाही. म्हातारा लिंडन कामावर चिलीम ओढताना सापडतो आणि जागच्या जागी काढून टाकला जातो, हा प्रसंग कादंबरीत चटका लावतो. आम्ही त्याच्या हाती विडी दिली. मुकादम बोलला की सगळे आवाज बंद. म्हातारा पिशवी उचलून निघाला. मग एकानं घासायला सुरुवात केली, पाठोपाठ सगळ्यांनी.

पुढं वाचनात आलं की स्टीफन लो या नाटककारानं १९७८ साली जॉइंट स्टॉक या मंडळीसाठी हीच कादंबरी रंगमंचावर आणली, तेव्हा नटांनी तालमींच्या काळात खरोखरीचं रंगकाम केलं होतं. इंग्लंडात १९२०च्या दशकातच तिचं एक नाट्यरूप झालं होतं आणि अलीकडं, २०१० साली, हॉवर्ड ब्रेंटननंही तिला हात घातला. असो. आम्हांला मात्र हे एका रंगाऱ्यानं फुकट शिकवलं.

खरा पेच निघाला पावाच्या प्रसंगात. ओवेन सोबत्यांच्या डब्यांतला पाव गोळा करतो. पाव हा कच्चा माल, खिशातल्या सुऱ्या ही यंत्रं, तीन नाणी ही मजुरी. सोबत्यांनी पाव कापून द्यायचा, मजुरी घ्यायची आणि पोटासाठी त्याच मजुरीत त्यातलाच एकेक तुकडा परत विकत घ्यायचा. शेवटी नाणी मालकाकडं, उरलेला पावही मालकाकडं आणि कामगारांच्या पोटात गेला तेवढाच त्यांचा. मग मालक सांगतो, माल जास्त झाला, आता काम बंद! आम्ही सुऱ्यांऐवजी लांबीच्या पट्ट्या घेतल्या. प्रसंग झकास रंगला.

तालमीला माझे वडील आले होते. ते गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. पुन्हा आत गेले नाहीत. घरी जाताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुझा तो शहाणा सगळ्यांना गाढव का समजतो रे?”

“बाबा, त्यांना कळावं म्हणून...”

“कळत होतं. हिशेब आम्हांलाही येत होता. पण वाणी दारात उभा राहिला की तो हिशेब त्याला सांगून काय उपयोग?”

मला उत्तर सुचलं नाही. ट्रेसेल स्वतः रंगारी होता. सोबत्यांवर चिडायचा त्याला हक्क होता, कारण तो त्यांच्याच शिडीवर उभा होता. मी बँकेत कारकून. तोच टोमणा माझ्या तोंडून, तोही संपात सर्वस्व गेलेल्या प्रेक्षकांपुढं, वेगळाच ऐकू येणार होता. कादंबरी वाचताना वाचक एकटा असतो, ओवेनच्या बाजूनं हसतो. नाटकात ज्यांना हसायचं तेच समोर खुर्च्यांवर बसलेले असतात.

दोन रात्री घासाघीस केली. लेखकाच्या शब्दांत आपली पदरची भर घालावी का, हाही प्रश्न होताच. अखेर घातली. पाव संपल्यावर एक रंगारी हसत नाही. पट्टी पुसतो आणि बाबांचं वाक्य म्हणतो. ओवेनला तिथं उत्तर नाही. तो खाली बसून तोंडावर रुमाल धरून खोकतो आणि सुट्टी संपते.

प्रयोगात त्या वाक्याला टाळ्या आल्या नाहीत. मागच्या रांगांतून कोणीतरी नुसतं “हं” केलं. परीक्षकांनी शेरा दिला, ‘नाट्य कमी, रंगकाम अधिक’. बक्षीस मिळालं नाही. बाबांनी एवढंच सांगितलं की म्हाताऱ्याचं काम करणारा पोरगा ब्रश फार घट्ट धरतो, तासाभरात मनगट जाईल.

डिस्टेंपरचा अर्धा डबा उरला होता. तो पुढच्या रविवारी त्यांनी आमच्या खोलीच्या भिंतीला लावला.