दोऱ्याचा गुंता आधी आवरा, मग मशीनवर बसा

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी गावातल्या शिलाई मशीनला उसंत नसते. इकडे पेरणीची घाई, तिकडे गणवेशाची. अशा वेळी डबा उघडावा, तर रिळं, बॉबिन, बटणं सगळ्यांचा एकच गुंता! मग कात्री चालते अन् चांगला दोरा केरात जातो. कापूस पिकवणाऱ्या घरात तरी असं होऊ नये.

नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. गिरणीत बॉबिन सैल भरली की पुढे सूत तुटते. घरच्या मशीनचंही तेच आहे. बॉबिन भरताना दोरा सारख्या ताणात ठेवा, काठापर्यंत ठासू नका. जुन्या रंगावर नवा दोरा तर मुळीच गुंडाळू नका. शिवण अर्ध्यावर असताना निळ्याचा लाल होतो, मग उसवत बसा!

रिळाच्या काठाला खाच असते, तिच्यात टोक अडकवा. एका फळीवर लांब खिळे ठोका. खाली रीळ, वर त्याच रंगाची बॉबिन. खर्च जवळपास नाहीच. फळी मात्र खिडकीत टांगू नका, आपल्याकडच्या उन्हात दोऱ्याचा जीव जातो. भावाची वाट पाहत कापूस भरून ठेवलेल्या खोलीतही मशीन नको. त्याची तूस बॉबिनच्या डबीत बसते अन् टाके सुटतात. डबी ब्रशने झाडत जा.

जुना दोरा वापरण्याआधी हाताने झटका देऊन पाहा. सहज तुटला, तर तो कच्च्या टाक्यालाच ठेवा.