यंत्र आणि रुग्ण यांमधील दुवा : चिकित्सक-संशोधकांची घडण

क्ष-किरण, सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन ही नावे आता खेडोपाडीही परिचयाची झाली आहेत. शरीर न उघडता आतील अवयवांचे चित्र दाखविणाऱ्या या तंत्रास वैद्यकीय प्रतिमांकन असे म्हणतात. ही यंत्रे अभियंते व भौतिकशास्त्रज्ञ तयार करतात. त्यांचा उपयोग डॉक्टर करतात. परंतु प्रयोगशाळेतील शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावा, यासाठी दोन्ही शास्त्रे जाणणारी व्यक्ती मध्ये असावी लागते. रुग्णांवर उपचार करता करता संशोधनही करणाऱ्या अशा डॉक्टरास चिकित्सक-संशोधक म्हणता येईल. अशी माणसे आपोआप निर्माण होत नाहीत. ती घडवावी लागतात.

ग्लासगोचे उदाहरण

सोनोग्राफीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. डॉ. इयान डोनाल्ड हे स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात सेवा करीत असताना रडार व सोनार या तंत्रांशी त्यांचा परिचय झाला होता. बॉयलर तयार करणाऱ्या एका कारखान्यात धातूमधील तडे शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींचे यंत्र वापरीत असत. 1955 मध्ये डॉ. डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन त्या कारखान्यात गेले. भरीव गाठ व पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी निरनिराळे येतात, असे त्यांना आढळले. पुढे टॉम ब्राउन हे तरुण अभियंते त्यांना येऊन मिळाले.

एका स्त्रीस जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. या यंत्राने तपासता ती बीजकोशाची पाण्याची गाठ असावी असे दिसले. शस्त्रक्रियेने गाठ काढण्यात आली व ती स्त्री वाचली. डोनाल्ड, मॅकव्हिकर व ब्राउन यांचा या संशोधनावरील लेख 1958 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कारखान्यातील यंत्राचा रुग्णास काय उपयोग होईल, हा प्रश्न रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरास सुचला आणि त्याचे उत्तर अभियंत्याच्या साहाय्याने मिळाले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रशिक्षणाची आवश्यकता

असे योग दैवावर सोडून चालत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1964 मध्ये वैद्यकीय पदवी व पीएच. डी. यांचे एकत्र शिक्षण देणारा कार्यक्रम सुरू केला. त्यास साधारणतः सात-आठ वर्षे लागतात. तरीही संशोधनाकडे वळणाऱ्या डॉक्टरांची संख्या घटत असल्याचा इशारा 1979 मध्ये डॉ. जेम्स विनगार्डन यांनी दिला. आपल्या देशात खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेमध्ये 2001 साली वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान विद्यालय स्थापन झाले आणि एम. बी. बी. एस. झालेल्या डॉक्टरांसाठी तेथे तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्यात आला.

अशा प्रशिक्षणाची प्रमुख अंगे चार होत. पहिले, भौतिकशास्त्र, संगणक व संख्याशास्त्र यांचे ज्ञान. दुसरे, एक डॉक्टर व एक शास्त्रज्ञ असे दोन मार्गदर्शक. तिसरे, संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ. कारण बाह्यरुग्ण विभागातील गर्दी उरकून उरलेल्या वेळात संशोधन होत नाही. चौथे, रुग्णाच्या हक्कांची जाणीव.

आकड्यांचा अर्थ

संख्याशास्त्र कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाचा संशय सांगणाऱ्या संगणक प्रणालींचा पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाचणीत वापर करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. समजा, 1,000 लोकांच्या तपासणीत 10 क्षयरोगी आहेत. प्रणालीने त्यांपैकी 9 ओळखले आणि उरलेल्या 990 निरोगी लोकांपैकी दहा टक्क्यांवर, म्हणजे 99 जणांवर, चुकून संशय घेतला. एकूण संशयित 108. प्रत्यक्ष रोगी मात्र 9! म्हणून संशयितांची थुंकी तपासल्याखेरीज निदान निश्चित करता येत नाही. आणि सुटलेल्या दहाव्या रुग्णाचाही विचार करावा लागतो. परक्या देशातील चित्रांवर तयार झालेली प्रणाली आपल्या लोकांबाबत कितपत अचूक ठरते, हे पडताळणे चिकित्सक-संशोधकाचे काम होय.

जबाबदारीची जाणीव

मातेच्या व अर्भकाच्या रक्षणासाठी उपयोगी पडलेल्या सोनोग्राफीचा आपल्याकडे गर्भलिंग ओळखून स्त्रीभ्रूणहत्येसाठी दुरुपयोग झाला. त्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, 1988 मध्ये केला. केंद्रीय कायदा 1994 मध्ये झाला. यंत्राचा उपयोग कोणत्या हेतूने होईल, हा विचार संशोधकाच्या शिक्षणातच अंतर्भूत असला पाहिजे, हा धडा यातून मिळतो.

आपण काय करू शकतो?

या कार्यात शिक्षक व पंचायत सदस्य यांचाही वाटा आहे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने जीवशास्त्र घेतले म्हणून गणिताकडे पाठ फिरवू नये, हे शिक्षकांनी त्यास समजावून सांगावे. गावात संशोधनासाठी तपासणी होणार असेल, तर तिचा हेतू काय, नकार देण्याची मुभा आहे काय, आपली चित्रे गुप्त राहतील काय आणि दोष आढळल्यास पुढील उपचार कोठे मिळतील, हे चार प्रश्न पंचायत सदस्यांनी अवश्य विचारावेत. उत्तम प्रशिक्षण घेतलेला संशोधक या प्रश्नांचे स्वागतच करील.