"सर, पोरीला कॉम्प्युटरला घालू काय?"



मी प्राथमिक शाळेचा शिक्षक. तरी दहावीचा निकाल लागला की राधानगरीत जुने पालक वाटेत थांबवून हाच प्रश्न विचारतात. काही वर्षांपूर्वी एकांना मी घाईत सांगितलं, "एमएस-सीआयटी करून घ्या." मुलीनं ते केलं आणि घरच्यांना वाटलं, कॉम्प्युटरचं शिक्षण पूर्ण झालं. ती तिथंच थांबली. चूक माझी होती. म्हणून हा लेख.

आधी फरक समजून घेऊ. आपल्या गावातली दूध संस्था बघा. सभासदाचा नंबर, लिटर आणि फॅट यांची नोंद होते, दर लागतो, पावती निघते, दहा दिवसांनी बिल तयार होतं. नोंद करणारा कॉम्प्युटर वापरतो. पण कोणती माहिती साठवायची, फॅटला दर कसा जोडायचा, चुकीची नोंद कोण दुरुस्त करणार, लाईट गेली तर माहिती कशी टिकणार, हे ठरवणं म्हणजे माहिती प्रणाली तयार करणं. त्यासाठी प्रोग्रामिंग, डेटाबेस, नेटवर्क आणि थोडा हिशेबही शिकावा लागतो.

आता वाटा पाहू.

१) एमएस-सीआयटी : २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा हा कोर्स. कॉम्प्युटर वापरायला शिकवतो. बऱ्याच सरकारी पदांसाठी लागतो, पण ही पदवी नाही.

२) आयटीआयचा 'कोपा' ट्रेड : दहावीनंतर एक वर्ष. ऑपरेटरचं काम आणि प्रोग्रामिंगची सुरुवात.

३) पॉलिटेक्निक डिप्लोमा : दहावीनंतर तीन वर्षे. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला दोन वर्षे शिकून मुलं विद्यापीठात पुढच्या वर्षाला जातात. आपल्याकडं त्याच्या जवळची सोय हीच.

४) बीसीए : बारावीनंतरची पदवी. २०२४ पासून महाराष्ट्रात यासाठी सीईटी सुरू झाली आहे. फॉर्मची तारीख बारावीत असतानाच बघून ठेवा.

५) मुक्त विद्यापीठ : नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. काम करत शिकणाऱ्यांसाठी. चालू वर्षाचे अभ्यासक्रम माहितीपत्रकात पाहावेत.

पालकांची खरी अडचण पैशाची आणि अंतराची. कोल्हापूर इथून पन्नासेक किलोमीटर. पण एक गोष्ट माहीत असू द्या. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाकडून माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. त्यामुळे उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेत काढा.

कुठंही फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोणतं मंडळ किंवा विद्यापीठ देणार? त्यावर पुढं कुठं प्रवेश मिळतो? मुलाला स्वतः मशीनवर बसायला रोज किती वेळ मिळेल? सरळ उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

आणि शिक्षक मित्रांनो, आपली मुलं चौथीनंतर शाळेतून जातात, पण त्यांचे आई-वडील विचारायला आपल्याकडंच येतात. उत्तर घाईत देऊ नका. मी एकदा दिलं होतं.