छातीतलं पाणी कुठून येतं?

‘छातीत पाणी झालंय,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्या घरांत दोन गोष्टी होतात. रुग्णाचं पाणी पिणं कमी केलं जातं. मग कुणीतरी वडीलधारं माणूस बजावतं, ‘सुई लावू देऊ नका, एकदा पाणी काढलं की माणूस राहत नाही.’ कांजूरमार्गच्या चाळींत आम्ही हे दोन्ही पुष्कळदा ऐकलं आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांपायी रुग्णाचे हाल होतात.

फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये निरोगी माणसातही दोन-चार चहाचे चमचे पाणी असतं. श्वास घेताना पडदे एकमेकांवर घासू नयेत म्हणून ते असतं. एका बाजूने ते झिरपतं, दुसऱ्या बाजूने शोषलं जातं. नळ आणि मोरी दोन्ही चालू असल्यासारखं. फुप्फुसाचा कर्करोग या पडद्यांवर पसरला की मोरी तुंबते आणि नळही गळू लागतो. मग लीटर-दीड लीटर पाणी साचतं, फुप्फुस दबतं, दम लागतो.

नळ गळण्यामागे आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचा हात असतो. कर्करोगाच्या पेशी रासायनिक संदेश सोडून त्यांना बोलावून घेतात. अंगावर गांधी उठतात त्या ज्या ‘मास्ट’ पेशींमुळे, त्याही येतात आणि त्यांच्या स्रावांनी रक्तवाहिन्या पाझरू लागतात. २०१५ साली ग्रीसमधील संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं: ज्यांच्या शरीरात मास्ट पेशीच नव्हत्या, त्यांच्या छातीत पाणी फारसं साचलं नाही. कर्करोगाला मारू शकणाऱ्या टी-पेशीही त्या पाण्यात असतात, पण बहुधा थकलेल्या, निष्प्रभ.

म्हणजे हे पाणी घशातून उतरलेलं नसतं. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारून ते घटत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

आपल्याकडे छातीतल्या पाण्याचं एक मोठं कारण टीबी आहे. तिथेही टीबीच्या जंतूंवर उसळलेल्या प्रतिकारक पेशींमुळेच पाणी भरतं. म्हणून दोन्ही आजार सारखे दिसतात आणि कर्करोगाच्या काही रुग्णांचे महिने टीबीच्या गोळ्यांत जातात. पाणी लालसर असेल, काढूनही पुन्हा भरत असेल, औषधं चालू असूनही वजन घटत असेल, तर पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का हे तपासलं का, असं स्पष्ट विचारा. सुई लावण्याचा हा दुसरा फायदा: दम हलका होतो आणि निदानही होतं. पहिल्या तपासणीत पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कर्करोग नाहीच असं नव्हे. कधी पुन्हा तपासावं लागतं, कधी पडद्याचा तुकडा घ्यावा लागतो. त्याच पाण्यातून कर्करोगातील जनुकीय बदलही शोधता येतात आणि काहींना त्यानुसार गोळ्या लागू पडतात.

पाणी वारंवार भरत असेल तर नळीवाटे छातीत टाल्कची पूड सोडतात. तिने पडदे सुजून एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. जी सूज घात करत होती, तीच इथे कामाला लावली जाते.

आपल्या कांजूरमार्ग स्टेशनपासून जवळच, पवईच्या आयआयटीत, टाटा मेमोरियलच्या साथीने प्रतिकारक पेशींवरच आधारलेली ‘नेक्सकार-१९’ ही उपचारपद्धती घडली. ऑक्टोबर २०२३मध्ये तिला मान्यता मिळाली. पण ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, फुप्फुसाच्या नव्हे. तिच्या आशेवर वेळ घालवू नये. फुप्फुसासाठी थकलेल्या टी-पेशींना जागं करणारी वेगळी औषधं आहेत. ती महाग आहेत आणि सर्वांना लागू पडत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी समाजसेवा विभागाकडे मदतीची चौकशी जरूर करावी.

कर्करोगामुळे छातीत पाणी झालं म्हणजे आजार पुढे गेला आहे, हे खरं. तो पूर्ण बरा होईल असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण श्वास मोकळा करता येतो. अब्बा रात्री आडवे होऊन झोपू शकले, अम्मी चार शब्द न थांबता बोलू शकली, हेही थोडं नाही. ते सुईच्या भीतीपायी हातचं घालवू नका.