वसईहून नागासाकीस

वसईचा किल्ला म्हटला की मराठी मनाला १७३९ साल आणि चिमाजी आप्पांचा पराक्रम आठवतो. परंतु त्या विजयापूर्वी सुमारे १४० वर्षे याच वसईचा एक पुत्र दूर जपानात आपल्या श्रद्धेपायी क्रूसावर मरण पावला, ही हकीकत फारशी कोणाच्या कानी आलेली नसते. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

१५५६ च्या सुमारास जन्मलेल्या गोन्सालोचा पिता पोर्तुगीज व माता स्थानिक होती. वसईत जेझुइट पाद्र्यांजवळ शिकून तो लहान वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तेथील भाषेत पारंगत झाला. पुढे काही काळ त्याने व्यापार केला. अखेर मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूबरोबर तो पुन्हा जपानला आला, तो दुभाषी म्हणून. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर तोच बोलला. या मंडळींना राहण्याची अनुज्ञा मिळाली आणि क्योटोत ती कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करू लागली.

मग राजाची मर्जी का फिरली? हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. पण तो कडकपणे अमलात आला नव्हता. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि पाद्र्यांमागून परकी सैन्य येईल हा जुना संशय बळावला. हा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्याच काळात पोर्तुगीजांनी गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापून लोकांचा श्रद्धेवरून छळ मांडला होता. धर्माने तलवारीशी सोयरीक केली की निःशस्त्र श्रद्धावंतही संशयास पात्र ठरतो, आणि शिक्षा बहुधा त्यालाच भोगावी लागते.

येथेही तसेच घडले. धरपकड झालेल्यांत बहुसंख्य जपानी गृहस्थ होते. धनुष्ये तयार करणारा मिगेल कोझाकी होता आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा तोमासही होता. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत त्यांना शेकडो मैल चालवीत नागासाकीस नेण्यात आले. वाटेत तोमासने आईला पत्र लिहिले. त्यात स्वतःविषयी तक्रार नव्हती. होती ती धाकट्या भावांची काळजी. निघताना २४ असलेल्या या मेळ्यात वाटेत आणखी दोघांची भर पडली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. पॉल मिकीने क्रूसावरून प्रवचन केले आणि मारेकऱ्यांना क्षमा केली. मग भाले चालले.

छळ तेथेच संपला नाही. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. येशूची वा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवून निष्ठा नाकारण्याची सक्ती झाली. कित्येकांनी प्राण दिले, कित्येकांनी पाय ठेवला आणि घरी येऊन गुपचूप प्रार्थना केली. बौद्धांच्या कान्नोन देवीच्या मूर्तीत त्यांनी मरियेला पाहिले. धर्मगुरूवाचून बाप्तिस्मा व प्रार्थना बापाकडून मुलाकडे जात राहिल्या.

१८६५ मध्ये नागासाकीत ओउरा येथे या २६ जणांच्याच नावे नवे चर्च उभे राहिले. १७ मार्च रोजी उराकामीचे काही शेतकरी तेथे आले आणि आपली श्रद्धा हीच असल्याचे त्यांनी फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितले. अडीचशे वर्षांची ही ठेव उघड होताच पुन्हा छळ झाला. तीन हजारांहून अधिक ग्रामस्थ हद्दपार झाले आणि सहाशेंहून अधिक मृत्यू पावले. अखेर १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले.

गोन्सालोला १८६२ मध्ये संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याच्या नावाचे महाविद्यालय आज वसईत आहे. टेकडीवरील धैर्याची कसोटी एका सकाळी लागली. आशेची मात्र पिढ्यान्‌पिढ्या, बंद दाराआड लागली. एका मुलाने आपल्या माउलीला पत्र लिहिले, आणि अनाम मातांनी पुढे आपल्या मुलांना हलक्या आवाजात प्रार्थना शिकविल्या. ज्यांची नावे कोणत्याही वेदीवर कोरलेली नाहीत, अशा त्या मातांचाही या इतिहासात तितकाच वाटा आहे.