सोडणार म्हणं म्हणं

निपाणीच्या बसस्थानकाबाहेर चहाची गाडी. जुलै महिना, दोन दिवस झड लागलेली. एका अंगाला महाराष्ट्राची लाल एसटी उभी, दुसऱ्या अंगाला कर्नाटकाची बस, दोन्हींच्या मधून छत्र्या सावरत माणसं पळतायत. गाडीवरच्या एकाच मराठी वर्तमानपत्राची पानं सुटी करून चौघांत वाटली गेलीयत. पान उलटता उलटता एकजण म्हणतो,

"अलमट्टीतनं पाणी सोडलंय म्हणं."

"सोडलंय म्हणं, का सोडणार म्हणं?"

पहिला पेपरातनं डोकं वर काढतो, जरा विचार करतो. "सोडणार म्हणं म्हणं."

सगळे हसतात. चहावालासुद्धा हसतो, आणि शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला तीच गोष्ट कन्नडमध्ये सांगतो. तोही त्याच जागी हसतो. पुण्यामुंबईच्या वाचकाला यात एवढं हसण्यासारखं काय, असं वाटेल. मला मात्र हे हसू गेली कित्येक वर्षं थक्क करत आलंय. दोन भाषा, आणि दोघीही अगदी एकमेकींपासून लांबच्या कुळातल्या. मराठीचं कूळ संस्कृत-प्राकृताचं, कन्नडचं द्राविडी. विनोद एका भाषेतून दुसरीत नेताना हमखास सांडतो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथं तो पेला भरलेलाच्या भरलेला पलीकडे कसा जातो?

उत्तर त्या 'म्हणं'मध्ये आहे.

बेळगाव भागातल्या कन्नडमध्ये 'पाऊस येतोय म्हणे' कसं म्हणतात बघा: 'मळि बरतैतंत'. फोड करा. मळि म्हणजे पाऊस, बरतैत म्हणजे येतोय, आणि शेवटी चिकटलेला अंत म्हणजे म्हणे. शब्दाखाली शब्द बसतो, क्रमसुद्धा हलत नाही. त्यातही नवल असं की मराठीतला 'म्हणे' आला तो 'म्हणणे' या क्रियापदातून, आणि कन्नडचा 'अंत' आला तो 'अन्नु' या क्रियापदातून. अर्थ तोच, बोलणं. दोन्ही भाषांनी बोलण्याचंच क्रियापद घेतलं, झिजवून झिजवून त्याची एक बारकी खूण केली आणि वाक्याच्या शेपटाला बांधली. खुणेचा अर्थही एकच: हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कानावर आलंय, पुढचं तुम्ही बघा.

हिंदीत असं म्हणायला 'सुना है' वाक्याच्या आधी येतं. इंग्रजीतही तसंच, आधी दाखला आणि मग बातमी. इथं आधी बातमी, मग दाखला. बातमी पुरती कानात शिरते, ऐकणारा दचकतो, आणि मग तो 'म्हणं' येऊन सांगतो, थांबा, अजून नक्की नाही. ती अर्ध्या श्वासाची फट आहे ना, गंमत तिथं राहते. निपाणीच्या त्या माणसाने एकावर एक दोन 'म्हणं' ठेवले, म्हणजे ऐकीव बातमीचीही ऐकीव बातमी झाली. कन्नडमध्ये 'अंत'वर 'अंत' ठेवून चहावाल्याने तोच मनोरा उभा केला. काही सांडायचा प्रश्नच नव्हता, कारण दोन्ही भांडी एकाच मापाची होती.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवण्याची ही सोय माणसाने बऱ्याच ठिकाणी शोधून काढलीय. तुर्कीत 'तो आला' हे स्वतः पाहिलं असेल तर 'गेल्दी', आणि कुणाकडून कळलं असेल तर 'गेल्मिश'. आपल्या पाणिनीने तर वक्त्याच्या नजरेआड घडलेल्या भूतकाळासाठी लिट् हा वेगळा लकारच सांगितला. आज वर्तमानपत्राच्या संपादकाला जी काळजी घ्यावी लागते, ती काही भाषांनी क्रियापदातच शिवून ठेवलीय.

आता ही माणसं कोण, ते सांगायला हवं. परदेशी गेलेला माणूस सकाळी उठून आधी गावाकडच्या बातम्या बघतो, त्यावर चार जणांत थट्टा करतो, आणि मग ज्या देशात राहतो तिथलं पान उघडतो. सीमाभागातला मराठी माणूस हेच करतो, फरक इतकाच की तो कुठंही गेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. त्याआधी, १७ जानेवारी १९५६ ला, बेळगाव म्हैसूरला जोडण्याविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं मेली. तो दिवस इथं आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ मध्ये सरकारी दप्तरात बेळगावचं बेळगावी झालं. १९४० साली शहापूरला किंवा वडगावात जन्मलेल्या माणसाने उंबरा न ओलांडता राज्याची इतकी नावं बदललेली पाहिली. घर तेच, विहीर तीच, पत्त्याची शेवटची ओळ फक्त पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेली.

म्हणून त्याला बातम्या दोन ठिकाणच्या लागतात. रेशन, रस्ता, दाखला, वीज, हे बेंगळुरूवर अवलंबून. लग्नाची सोयरीक, नाटक, देवाची यात्रा, मनाची ओढ, हे कोल्हापूर-पुण्याकडे. बेळगावात बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' सुरू केला. एका राज्यात छापलेलं आणि दुसऱ्या राज्याच्या भाषेत वाचलं जाणारं हे दैनिक शंभरी ओलांडून चाललंय. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. निपाणीला तर ही दुहेरी वस्ती शाळकरी पोरांनाही पाठ असते: गावचं देवचंद कॉलेज ज्या अर्जुननगरात आहे ते महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. पोरं सकाळी कर्नाटकातून निघून महाराष्ट्रात तासाला बसतात आणि दुपारच्या जेवणाला परत कर्नाटकात येतात.

पावसाळ्यात हे सगळं पाण्यावर दिसतं. कृष्णेवरचं अलमट्टी धरण खाली कर्नाटकात. त्याची सध्याची पूर्ण भरल्यावरची पाणीपातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचा कर्नाटकाचा विचार, आणि सांगली-कोल्हापूरला त्याची धास्ती. निपाणी कर्नाटकात खरी, पण ती वरच्या अंगाला. वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरातून येतात, काळम्मावाडीच्या धरणातून पाणी सुटलं की इकडच्या शिवारात चढतं. राज्य बेंगळुरूचं, पूर कोल्हापूरचा. त्यामुळे खालच्या धरणाची बातमी आणि वरच्या धरणाची बातमी दोन्ही याच माणसाच्या दारात येऊन एकमेकींना भिडतात. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली, तेव्हा दर तासाला नवी आवई उठत होती. अशा वेळी वाक्याच्या शेवटी 'म्हणं' आहे की नाही, हे माणसं कान टवकारून ऐकतात. 'पुलावर पाणी आलंय' आणि 'पुलावर पाणी आलंय म्हणं', या दोन वाक्यांतल्या फरकावर जनावरं सोडायची की नाही ते ठरतं.

आता मला सगळ्यात जास्त भुरळ घालणारी गोष्ट.

ज्या १९५६ साली भाषेच्या रेघेवर राज्यं कापली गेली, त्याच १९५६ साली एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. भारत हा भाषांचा एक सलग प्रदेश आहे, असा त्याचा आशय. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा हजारो वर्षं एका आळीत राहिल्या आणि एकमेकींच्या सवयी उचलत गेल्या, हे त्यांनी दाखल्यांनिशी मांडलं. त्यांच्या दाखल्यांत जोडशब्दांची आपली लाडकी खोडही आहे. आपण भाकरी-बिकरी म्हणतो, कन्नड माणूस रोट्टि-गिट्टि म्हणतो. आपण बातमी-बितमी, तो सुद्दि-गिद्दि. आपला 'बि', त्याचा 'गि', खोड एकच! आणि एखाद्या बातमीची किंमत उतरवायची तर दोघंही हीच युक्ती वापरतात. 'बैठक-बिठक झाली म्हणं' एवढं म्हटलं की त्या बैठकीचं काय झालं असेल ते ऐकणाऱ्याला कळतं.

पुढं १९७१ मध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास छापला. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, शिवाय मराठी बोलणारी माणसं. सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी व्यवहार करत आलेले. अभ्यासकांना आढळलं ते असं: शब्द तीन भाषांचे वेगळे राहिलेत, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच झालाय. एका भाषेतला शब्द उचलून त्याच जागी दुसऱ्या भाषेतला ठेवला की वाक्य तयार. जगभरचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी आजही हे गाव पुस्तकांतून ओळखतात. आपल्यातले किती जण मिरजेला जाताना त्या नावाच्या पाटीखालून नुसतेच गेलोय!

मग 'उद्या येतो म्हणून सांगितलंय' हे वाक्य घ्या. बेळगावी कन्नडमध्ये 'नाळि बरतीनंत हेळ्यान'. येणारा माणूस तिसराच, तरी दोन्हींकडे 'येतो' हे त्याच्याच तोंडचं, जसंच्या तसं ठेवलेलं. 'पाटील म्हणून कुणी आलेत', तिकडे 'पाटील अंत यारो बंदार'. इथल्या दखनी उर्दू बोलणाऱ्याला तेच सांगायचं तर तो 'बोलके' घालतो, आणि ऐकीव बातमीला दखनीत 'कते' आहे. गोव्याच्या बाजूला उतरलात तर कोकणीत 'खंय'. ज्ञानेश्वरीत 'म्हणौनि' पावलोपावली भेटतो, तेव्हा ही सवय आजकालची नव्हे. कुणी कुणाकडून घेतलं याचा वाद विद्वान घालोत. मला वाटतं, एवढी जवळीक भांडूनतंडून पण शेजारीच राहिल्याशिवाय येत नाही.

पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बेळगावात प्राध्यापक होते. 'गणगोत'मध्ये त्यांनी कृष्णराव हरिहर यांचं, म्हणजे रावसाहेबांचं चित्र काढलं, आणि कानडी वळणाची बेळगावी मराठी उभ्या महाराष्ट्राच्या कानावर पडली. वाचक हसले ते रावसाहेबांच्या प्रेमात पडून. पण त्या हसण्यात एक गैरसमजही रुजला, की ही मराठी म्हणजे मोडकी मराठी. ती मोडकी नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, माणसाला तेवढं असतं; त्या शिस्तीत वाढलेला माणूस मराठी बोलताना लिंग आपल्या नियमाने लावतो. नियम दुसरा आहे, नियमाचा अभाव नाही. हे मी ठासून सांगतो, कारण बेळगावची मुलं पुण्यात शिकायला जातात आणि पहिल्याच महिन्यात आपली बोली खिशात घालून ठेवतात.

ती पुन्हा बाहेर येते ती फोनवर. पुण्यात, पणजीत, आखातात गेलेला निपाणीकर गावाकडच्या गटावर सकाळी काय टाकतो? बातमीचं कात्रण, आणि खाली एक ओळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांतल्या बसगाड्या काही दिवस थांबल्या, तेव्हा अशा ओळींचा पाऊसच पडला असणार. आणि बारमाही विषय म्हणजे सीमाप्रश्नाचा दावा. महाराष्ट्राने तो २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, त्याला दोन दशकं उलटून गेली.

"निकाल लागणार म्हणं."

"कुणाचा, बारक्याचा दहावीचा?"

हा विनोद मराठीत चालतो कारण निकाल दोन्हीचा लागतो. पण तो दुखतो आणि तरी हसवतो, ते 'म्हणं'मुळे. ज्या माणसाने ही बातमी आयुष्यभर ऐकली, आजोबांकडून ऐकली, त्याने तो एक शब्द मागे लावून आशाही जिवंत ठेवली आणि स्वतःला फसूही दिलं नाही. मला यापेक्षा शहाणा शब्द माहीत नाही.

इंग्रजी शाळेतून येणारी पोरं आता 'असं ऐकलंय की' म्हणू लागलीयत. ते चूक नाही, पण जुनी रीत कानांवरून जायच्या आत पकडायला हवी. तेव्हा निपाणी, बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या वाचकांना माझं मागणं आहे. घरातल्या आजीला किंवा आजोबांना कालची बातमी त्यांच्या शब्दांत सांगायला लावा, आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. शेजारच्या कन्नड घरातल्या अज्जींकडूनही तीच बातमी ऐका. दोन्हीला गावाचं नाव आणि तारीख लावा. पुसायचं काही नाही, सुधारायचंही काही नाही.