युरोपीय एकात्मीकरण आणि इटलीतील निवृत्तिवेतन सुधारणा

युरोपीय संघाच्या करारांनी सामाजिक सुरक्षेची मूलतत्त्वे ठरविण्याचा अधिकार सदस्य राष्ट्रांकडेच ठेवला आहे. निवृत्तीचे वय किती असावे, निवृत्तिवेतन कोणत्या सूत्राने मोजावे, हे ब्रुसेल्स ठरवीत नाही. तरीही १९९२ नंतर इटलीत या क्षेत्रात झालेले मोठे बदल युरोपच्या संदर्भावाचून समजत नाहीत. अधिकार नसताना हा प्रभाव कसा पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिक्ट करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. समान चलनात सहभागी होण्यासाठी अर्थसंकल्पीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत असणे आवश्यक ठरले. करारात निवृत्तिवेतनाचा उल्लेख नव्हता. परंतु इटलीच्या सामाजिक खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्यावरच जात असल्याने कात्री कोठे लागणार हे उघड होते. त्याच वर्षी आमातो सरकारने खाजगी क्षेत्रातील निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढविण्याचा निर्णय घेतला. पुरुषांसाठी ते ६० वरून ६५, तर स्त्रियांसाठी ५५ वरून ६० व्हावयाचे होते.

मात्र बाह्य दडपण पुरेसे नसते. १९९४ मध्ये बेर्लुस्कोनी सरकारने कामगार संघटनांना डावलून पुढील कपातीचा प्रयत्न केला. सार्वत्रिक संप झाला, योजना बारगळली आणि डिसेंबरमध्ये सरकारही गेले. १९९५ मध्ये दिनी सरकारने संघटनांशी वाटाघाटी करून निवृत्तिवेतन थेट भरलेल्या वर्गणीशी जोडले. त्याची किंमत अशी, की १९९५ अखेर ज्यांची वर्गणीची १८ वर्षे पूर्ण झाली होती त्यांना जुनेच सूत्र लागू राहिले. नवे सूत्र पूर्णपणे लागू झाले ते १९९६ पासून नोकरीस लागलेल्या तरुणांना. हे कलम ब्रुसेल्सने सुचविलेले नव्हते. युरोपने आकडा आणि मुदत दिली. भार कोणी वाहावा हे रोममध्ये ठरले.

दुसरा मार्ग न्यायालयीन होय. सरकारी नोकरांचे निवृत्तिवेतन हे वेतनच असल्याने स्त्री-पुरुषांसाठी भिन्न निवृत्तिवय समान वेतनाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २००८ मध्ये दिला. परिणामी २०१२ पासून सरकारी सेवेतील स्त्रियांचे वय ६० ऐवजी ६५ करण्याचे ठरले. येथे समता आली ती सवलत काढून घेऊन.

ऑगस्ट २०११ मध्ये, कर्जरोख्यांच्या संकटात, युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष त्रिशे व नियोजित अध्यक्ष द्रागी यांनी इटलीच्या पंतप्रधानांना गोपनीय पत्र लिहून निवृत्तीच्या अटी कडक करण्यास सुचविले. डिसेंबरमध्ये मोंती सरकारच्या मंत्री एल्सा फोर्नेरो यांनी कायदा आणला. जुन्या नियमांच्या भरवशावर करार करून नोकरी सोडलेल्या अनेकांना त्यामुळे ना वेतन, ना निवृत्तिवेतन अशी अवस्था आली. ‘एसोदाती’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लोकांसाठी सरकारला पुढे वारंवार अपवाद करावे लागले.

२०१८ मध्ये युरोपीय आयोगाने इटलीचा अर्थसंकल्पाचा आराखडा परत पाठविला. वाटाघाटींत तुटीचा अंदाज २.४ वरून २.०४ टक्क्यांवर आला. ६२ वर्षे वय आणि ३८ वर्षे वर्गणी असणाऱ्यांना लवकर निवृत्ती देणारी योजना मात्र टिकली व २०१९ ते २०२१ या काळात अमलात राहिली. नोकरीत वारंवार खंड पडलेल्या स्त्रियांना ती ३८ वर्षे भरणे अवघडच होते.